चोविसाव्या रस्त्यावरची भाकरी

‘‘कोन तोदो?’’

काउंटरपलीकडचा मुलगा हातातला डाव तसाच धरून माझ्या उत्तराची वाट पाहत होता. माझ्यामागे रांगेत दहा-बारा माणसं होती. पँटीवर चुन्या-रंगाचे डाग पडलेले दोन रंगारी, शाळा सुटलेल्या मुलाचा हात धरलेली आई, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक तरुण, काठी टेकत आलेले एक आजोबा. माझी भाची मागून म्हणाली, ‘‘मावशी, सगळं घालू का विचारतोय. हो म्हण.’’ मी मान हलवली. त्याने कांदा-कोथिंबीर टाकली, हिरवी चटणी ओतली, लिंबाची फोड ठेवली आणि लाल प्लास्टिकची परडी माझ्यापुढे सरकवली. परडीत दोन टाको. प्रत्येकाखाली एकावर एक अशा दोन तळहाताएवढ्या मक्याच्या भाकऱ्या. वरची फाटली तर खालची झेलते.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मिशन भागातला हा चोविसावा रस्ता. भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून जिना चढून वर आलं की दोन मिनिटांत भाजल्या मक्याचा वास गाठतो. आमच्याकडे पावसाळ्यात घाटातल्या गाड्यांवर कणसं भाजतात, त्या वासाच्या जवळचा, पण जास्त जड. त्यात ओल्या मातीसारखं काहीतरी असतं. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी भाचीकडे राहायला होते आणि त्या तीन आठवड्यांत या एका दुकानात नऊ वेळा जेवले. दुकानाचं नाव लिहू नका, असं मालकीणबाईंनी सांगितलं, म्हणून लिहीत नाही. तसंही ते मोठं नावाजलेलं दुकान नाही. आठ टेबलं, पिवळ्या भिंती, कोपऱ्यात फुटबॉल चालू असलेला टीव्ही, काचेच्या बाटल्यांतला कोकाकोला आणि भिंतीवर ग्वादालुपेच्या माउलीची तसबीर. अशा दुकानाला तिथे टाकेरिया म्हणतात. टाको विकण्याची जागा, एवढाच अर्थ.

आपल्याकडे बहुतेकांना टाको माहीत झाला तो मॉलमधून. ‘टाको बेल’चं भारतातलं पहिलं दुकान २०१० साली बंगळूरला निघालं. त्या दुकानांमुळे टाको म्हणजे होडीसारखी कडक, तळलेली, चावली की तुकडे होणारी वस्तू, असं चित्र डोक्यात बसलं. मेक्सिकोतही तळलेले टाको आहेत, पण रोजचा टाको मऊ असतो. घडी घालायची, तिरका धरायचा आणि मान वाकवून खायचा. ‘टाको बेल’ काढणाऱ्या ग्लेन बेल यांचं स्वतःचं आधीचं दुकान कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला होतं. समोरच १९३७ पासून चालत आलेलं ‘मित्ला कॅफे’ हे मेक्सिकन कुटुंबाचं हॉटेल होतं. तिथले टाको बघून, खाऊन बेल शिकले आणि १९६२ मध्ये त्यांनी साखळी सुरू केली. ‘मित्ला कॅफे’ आजही त्याच रस्त्यावर आहे. ही हकीकत मला माहीत झाल्यापासून मी तो कडक टाको हातात घेऊ शकलेले नाही. राग नाही, पण शिकवणारी माणसं मागे राहिली याचं वाईट वाटतं.

या दुकानात सगळ्यात आत, लोखंडी तव्यापाशी, साठीच्या घरातल्या एक बाई उभ्या असतात. सगळे त्यांना ‘दोन्या’ म्हणतात. आपल्याकडे नावापुढे ‘बाई’ किंवा ‘काकू’ लावतात तसा तो मान. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या एका खेड्यातून त्या तीस वर्षांपूर्वी आल्या. त्यांचं काम एकच: मळलेल्या मक्याचा लिंबाएवढा गोळा घ्यायचा, दोन लोखंडी पाटांच्या दाबयंत्रात प्लास्टिकच्या कागदात ठेवायचा, दांडा खाली ओढायचा, चपटी झालेली टोर्तिया तळहातावर उलटी घेऊन कागद सोलायचा आणि ती तव्यावर सोडायची. सोडताना हात तव्याला समांतर, जवळजवळ टेकलेला. भाकरी टाकताना माझी आई हात असाच मागे खेचायची. पहिल्या बाजूला थोडा वेळ, उलटून दुसऱ्या बाजूला जास्त, पुन्हा उलटून बोटांनी मध्ये हलकंच दाबायचं. नीट जमली असेल तर टोर्तिया फुगते. फुगली की दोन्या तिला कापडात गुंडाळतात. नाही फुगली तरी टाकत नाहीत, पण स्वतःशी काहीतरी पुटपुटतात.

मी कोरेगाव तालुक्यातली. भाकरीवर वाढलेली. म्हणून माझं लक्ष मांसाकडे जाण्याआधी त्या तव्याकडे गेलं असावं. आणि मला जे सांगायचं आहे ते तिथलंच आहे. टाकेरियात गेलं की लोक मांसाची चर्चा करतात, चटणीच्या तिखटपणाची करतात, बुरिटो किती मोठा होता याची करतात. भाकरीबद्दल कोणी बोलत नाही. वास्तविक तीच खरी गोष्ट आहे, बाकी सगळं तोंडी लावणं.

या भाकरीचं पीठ आपल्या मक्याच्या पिठासारखं नसतं. आपल्याकडचं मक्याचं पीठ थापायला घेतलं की तुटतं. गरम पाणी लागतं, हाताला सराव लागतो. टोर्तियाचं पीठ तुटत नाही, कारण मका दळण्याआधी चुन्यात शिजवलेला असतो. वाळलेले दाणे पाण्यात आणि विरवलेल्या चुन्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे. साली सुटतात, पाणी पिवळं होतं, दाणा फुगून मऊ पडतो. मग तो ओलाच वाटायचा. पूर्वी पाट्या-वरवंट्यावर वाटत. ज्वालामुखीच्या खडकाचा तीन पायांचा तो पाटा मी दुकानाच्या फळीवर पाहिला, आता शोभेला ठेवलेला. या शिजवलेल्या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. शब्द नाहुआत्ल भाषेतला, आस्तेक लोकांच्या भाषेतला. आपण कोहळ्याच्या पेठ्यासाठी चुन्याची निवळी वापरतो, पानाला चुना लावतो, पण धान्य चुन्यात शिजवायची कल्पना आपल्याला कधी सुचली नाही. मध्य अमेरिकेतल्या बायकांना ती तीन हजार वर्षांहून आधी सुचली होती.

ही युक्ती चवीपुरती नाही. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते असं अडकलेलं असतं की पोटाला मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. कोलंबसानंतर युरोपियनांनी मका उचलून नेला, चुन्याची पद्धत तिथेच राहिली. पुढे उत्तर इटली आणि स्पेनमध्ये मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. अंगावर चट्टे, जुलाब, भ्रम आणि मृत्यू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही तेच झालं. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी हा संसर्ग नसून अपुऱ्या अन्नाचा आजार आहे हे दाखवून दिलं, तरी लोक बराच काळ ऐकायला तयार नव्हते. मेक्सिकोतला गरीब माणूस मात्र तोच मका दोन्ही वेळा खाऊन या आजारापासून वाचला होता. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच भागवणाऱ्या लोकांतही पेलाग्रा दिसायचा आणि १९६० च्या सुमारास हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला, हे मी पूर्वी एका लेखासाठी वाचलं होतं. तेव्हा ती एक वैद्यकीय नोंद होती. दोन्यांच्या हातातून गरम टोर्तिया घेताना तिचा अर्थ लागला. कोणा अनामिक बाईने चूल आणि चुना यांच्यात शोधलेली ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

भाचीने दुभाषाचं काम केलं. दोन्यांना मी विचारलं, पीठ घरी करता का? त्या म्हणाल्या, तयार कोरडं पीठ मिळतं, त्यात पाणी घातलं की झालं, बरीच दुकानं तेच वापरतात. आपण पीठ गिरणीवरून ओलं आणतो. जवळच ‘ला पाल्मा’ नावाचं दुकान १९५३ पासून आहे. टोर्तिया तिथे आजही हाताने होतात आणि ओलं पीठही मिळतं. मग त्यांनी मला उलट विचारलं, तुमच्याकडे मका नाही का? मी म्हटलं, आहे, पण आता जास्त करून कोंबड्यांना जातो. भाचीने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. दोन्यांनी हातातला गोळा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. आपल्या घरच्या माणसाचा कुठेतरी अपमान झाला, असं ऐकल्यासारखा तो चेहरा होता.

मग मी त्यांना एका मराठी माणसाबद्दल सांगितलं.

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा, १८८४ सालचा. क्रांतिकार्यासाठी ते अमेरिकेला गेले, शेतकी शिकले आणि गदर चळवळीच्या उभारणीत सामील झाले. गदरचं पत्र १९१३ मध्ये याच सॅन फ्रान्सिस्कोतून निघू लागलं. शहराच्या वुड स्ट्रीटवर गदर स्मारकाची वास्तू आजही आहे. पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत लढत, लपत, भटकत खानखोजे अखेर मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत शिकवू लागले. तिथे त्यांनी मक्याच्या नव्या जातींवर काम केलं आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. तीना मोदोत्ती या मोठ्या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिवेरांनी मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंती रंगवल्या. त्यातल्या १९२८ च्या ‘आपली भाकरी’ अशा अर्थाच्या चित्रात मेजाशी बसलेला माणूस म्हणजे खानखोजे, असं सांगतात. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. चापिंगोला २०२२ साली त्यांचा पुतळा बसला.

इंग्रजांना हाकलायला घर सोडलेला वर्ध्याचा मुलगा मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या मक्यात रमला, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची भूक ज्याने पाहिली आहे, त्याला चापिंगोच्या आसपासचा शेतकरी परका कसा वाटेल? दोन्यांना रिवेरांचं नाव माहीत होतं. खानखोजेंचं नव्हतं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, ‘‘कानकोखे, कानकोखे,’’ आणि भाचीला कागदावर लिहून द्यायला सांगितलं.

या भागात खाण्याची मोठी कीर्ती टाकोची नाही, बुरिटोची आहे. बुरिटो म्हणजे शब्दशः ‘छोटं गाढव’. हे नाव का पडलं याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, एकीवरही माझा विश्वास बसत नाही. शब्द मात्र जुना. १८९५ च्या एका मेक्सिकन शब्दकोशात तो सापडतो. उत्तर मेक्सिकोत गहू जास्त पिकतो, म्हणून तिथली टोर्तिया गव्हाची, पातळ, आपल्या चपातीची बहीण. तिच्यात थोडं मांस किंवा घेवडा गुंडाळून शेतावर न्यायचा, हा मूळ बुरिटो. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने करार करून मेक्सिकोतून शेतमजूर आणले. त्या योजनेत सेहेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. एकटे पुरुष, रांगेने झोपायच्या खोल्या, बायकामुलं गावी. त्यांच्या दुपारच्या जेवणाला हातात मावणारं, सांडणार नाही असं काहीतरी हवं होतं.

मिशनमध्ये त्याच बुरिटोचा आकार वाढला. ‘एल फारो’ नावाच्या किराणा दुकानाचं म्हणणं असं, की २६ सप्टेंबर १९६१ रोजी जवळच्या अग्निशमन केंद्रातले जवान सँडविच मागायला आले. दुकानात सँडविच नव्हतं, मग मालकाने टोर्तिया एकमेकींवर चढवून त्यांत भात, घेवडा आणि मांस भरून त्यांना गुंडाळून दिलं. व्हॅलेन्सिया रस्त्यावरचं ‘ला कुंब्रे’ १९६९ चा दावा सांगतं. कोणाचा खरा, ते ठरवायच्या भरीला मी पडत नाही. दोन्ही गोष्टींत दुपारची सुट्टी, अवजड काम आणि भुकेले पुरुष आहेत, आणि मला त्यातच खरेपणा वाटतो.

बुरिटो बांधायचं काम आमच्या दुकानातला तो ‘कोन तोदो’वाला मुलगा करतो. मी एक दिवस अर्धा तास फक्त त्याचे हात पाहत बसले. ताटाएवढी टोर्तिया वाफेच्या यंत्रात दाबली की ती कापडासारखी लवचिक होते. चीज घालायचं असेल तर आत्ताच, म्हणजे ते वितळतं. मग भात, पण पूर्ण पसरून नाही, मध्ये पट्टा. त्याला लागून घेवडा, पाणी निथळून घेतलेला. मांस. चटणी. आंबट साय. आता या ढिगाला दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी स्वतःकडे ओढायचं, बाजूच्या कडा आत घ्यायच्या, पुन्हा ओढून घट्ट गुंडाळायचं. हे ‘ओढून घेणं’ फार महत्त्वाचं. ते चुकलं तर शेवटच्या घासापर्यंत बुरिटो टिकत नाही. वर चंदेरी कागद, दोन पिळे. गिऱ्हाईक कागद सोलत सोलत खातं, खालचा भाग कागदात आवळलेला राहतो. बांधायला एका मिनिटाहून कमी लागतं. तो मुलगा युकातान प्रांतातल्या एका खेड्यातला आहे. घरी माया भाषा बोलतो, दुकानात स्पॅनिश, गिऱ्हाइकांशी इंग्रजी. शहरातल्या कितीतरी हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत भांडी घासणारे आणि भाज्या चिरणारे हात असेच युकातानचे आहेत. इटालियन आणि फ्रेंच जेवणाच्या महागड्या हॉटेलांतसुद्धा.

भात घालायचा की नाही, यावर तिथे वाद घालतात आणि तो जिवावर उदार होऊन घालतात. ‘ला टाकेरिया’ या १९७३ च्या दुकानात बुरिटोत भात मिळत नाही. दुकानाचे मालक मिगेल हारा यांनी तो नियम पहिल्यापासून ठेवला. २०१४ मध्ये एका संकेतस्थळाने देशभरचे बुरिटो खाऊन त्यांना पहिला नंबर दिला, २०१७ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा मान मिळाला. मी तिथेही जाऊन जेवले. मांस उत्तम होतं. तरी मी भाताच्या बाजूची. ज्याला आठ तास खांद्यावर ओझं वाहायचं आहे, त्याला भात लागतो. ‘चिपोटले’ या दुकानसाखळीच्या संस्थापकांनी मिशनच्याच टाकेरियांत रांगा पाहून १९९३ मध्ये डेन्व्हरला दुकान काढलं. ते प्रचंड वाढलं. त्याविषयी एवढंच पुरे.

मांसाबद्दल थोडं. गाईचं, डुकराचं, कोंबडीचं, जिभेचं, आतड्यांचं. खाण्यावर बंधनं असलेल्या वाचकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मला जी गोष्ट सांगायची आहे ती ‘पास्तोर’ची. काउंटरच्या टोकाला एक उभी सळई फिरत असते, तिच्यावर डुकराच्या मांसाचे पातळ काप रचून वर रुंद, खाली निमुळता असा आकार दिलेला. त्याला ‘त्रोंपो’ म्हणतात, म्हणजे भोवरा. आणि तो भोवऱ्यासारखाच दिसतो. लाल रंग वाळक्या मिरच्यांचा आणि आचियोतेचा. आचियोते म्हणजे आपली शेंद्री. टोकावर अननस. तर ही सळई मुळात लेबनॉनची. उस्मानी साम्राज्यातून लेबनीज माणसं मेक्सिकोत आली, पुएब्लाला त्यांनी शावर्मा लावला, मेक्सिकन लोकांनी त्यात मेंढीच्या जागी डुक्कर आणि मसाल्याच्या जागी मिरची घातली. ‘पास्तोर’ म्हणजे मेंढपाळ, नावात तेवढी मेंढी उरली. आपल्या भेळेत, पावभाजीत, इराण्याच्या चहात किती घरं एकत्र आली आहेत हे माहीत असलेल्या माणसाला त्रोंपो समजावून सांगायला लागत नाही.

माझी भाची शाकाहारी. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या मराठी मुलामुलींना स्पॅनिशमधला एक शब्द सगळ्यात आधी पाठ होतो: ‘मांतेका’. म्हणजे डुकराची चरबी. घोटलेला घेवडा परंपरेने चरबीत परततात. ती प्रत्येक नव्या दुकानात विचारते, ‘‘फ्रिहोलेस कोन मांतेका?’’ आणि समोरचा माणूस खरं सांगतो. या दुकानात घेवडा तेलात करतात, म्हणून ती इथलीच झाली. कॉलेज संपवून ती या देशात आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात, घरची आठवण असह्य झाली की ती इथे येऊन भात आणि घेवडा खायची. ‘‘मावशी, आईच्या उसळीसारखं लागतं असं नाही गं,’’ ती म्हणाली, ‘‘पण उसळ कुणीतरी आपल्यासाठी शिजवत ठेवलीय, असं वाटतं.’’

तो घेवडा मी कच्चा मागून घेतला. मालकीणबाईंनी मूठभर माझ्या तळहातावर ठेवला आणि मी बघतच राहिले. फिकट दाणा, त्यावर तपकिरी फटकारे. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा! त्याला भौगोलिक मानांकन आहे, आमच्याकडच्या माणसाला त्याचा केवढा अभिमान. हा घेवडा मुळात मेक्सिकोच्याच बाजूचा, आणि वाघ्या त्याच जातीचं वाण. शिजला की याचेही पट्टे जातात, त्याचेही. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरलेली. टोमॅटो, सीताफळ, चिकू, सगळं तिकडून. ‘चिली’, ‘तोमात्ल’ हे नाहुआत्लचेच शब्द. उलट्या दिशेनेही माल गेलाच. भिंतीवर सरबतांची पाटी होती. ‘तामारिंदो’ म्हणजे चिंच. मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं १५६५ पासून अडीचशे वर्षं ये-जा करत होती, त्या वाटेने आशियाचं पुष्कळ काही मेक्सिकोत पोचलं. आणि काचेच्या मोठ्या बरणीतलं गर्द लाल ‘हामाइका’ मी तोंडाला लावलं तेव्हा जीभ ओळखून होती: लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. विदर्भातल्या माझ्या नणंदेकडे हेच सरबत असतं, साखर जरा कमी.

हिरवी चटणी टोमातियोची असते. कागदी आवरणातलं, रसभरीच्या कुळातलं हिरवं आंबट फळ, मिरचीबरोबर भाजून ठेचलेलं. खरोखर ठेचाच. पण त्यात शेंगदाणा-लसणाचा खमंगपणा नाही, आंबटपणा पुढे येतो. दोन्यांना मी आमचा ठेचा करून नेला होता. त्यांनी टोर्तियाचा तुकडा बुडवला, डोळे मिटले, मग जवळच्या मुलाला बोलावून त्यालाही चाखवला. बाटली त्यांनी परत दिली नाही.

भांडवल, भाडं आणि मजुरी हे सगळं त्या परडीच्या किमतीत दिसतं. २०२४ मध्ये शहरात बुरिटोला बारा-पंधरा डॉलर पडत होते, आणि गिऱ्हाईक कुरकुर करायचं. हेच गिऱ्हाईक तेवढ्याच पैशांत कॉफी आणि केक घेताना काही म्हणत नाही. मेक्सिकन जेवण स्वस्तच असलं पाहिजे, ही समजूत कुठून आली? मजूर स्वस्त, म्हणून त्याचं जेवण स्वस्त, हेच तिच्या बुडाशी आहे, असं मला वाटतं. चुन्यात रात्रभर मका, सकाळी गिरणी, मग तव्यापाशी आठ तास उभं राहणं, यात स्वस्त काय आहे? गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायकांच्या श्रमाचं मोल असंच कुणी धरत नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्या बायकांना कर्ज मिळू लागलं.

मिशनचा हा भाग पूर्वी आयरिश कामगारांचा होता, दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिकन झाला, सत्तर-ऐंशीच्या दशकांत निकाराग्वा, एल साल्वादोरच्या यादवीतून पळालेल्यांनी भरला. त्याच्याही कितीतरी आधी इथे ओलोनी लोकांची वस्ती होती आणि १७७६ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी इथे जे मिशन बांधलं, त्यावरून भागाला नाव पडलं. १८४८ पर्यंत कॅलिफोर्नियाच मेक्सिकोत होता, हे अमेरिकेत फार कमी लोक आठवतात. मग संगणक कंपन्यांचा पैसा आला. कंपन्यांच्या बसगाड्या या रस्त्यांवरून जाऊ लागल्या, २०१३ मध्ये लोकांनी त्या अडवल्या. २०१४ मध्ये शहराने चोविसाव्या रस्त्याला लॅटिनो सांस्कृतिक भाग म्हणून मान्यता दिली. रंगवलेल्या भिंती शाबूत आहेत. पण दोन्या आता मिशनमध्ये राहत नाहीत. भाडं परवडेना म्हणून मुलाकडे, खाडीपलीकडे गेल्या. पहाटे साडेचारला उठतात, दोन वाहनं बदलून येतात. ज्या कंपन्यांमुळे भाडी चढली, त्यांतल्याच एकीत माझी भाची काम करते. ती गोष्ट तिने माझ्यासमोर दोन्यांना स्वतःहून सांगितली. दोन्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि जेवून जा म्हणाल्या. यावर काय बोलावं, हे आम्हा दोघींनाही कळलं नाही. गाडीत परतताना भाची गप्प होती.

२ नोव्हेंबरला आमचा पाडवा होता. तिथे मृतांचा दिवस. संध्याकाळी मिशनमध्ये चेहरे रंगवून, मेणबत्त्या घेऊन मिरवणूक निघते. आम्ही घरी ओवाळून, दुपारीच दुकानात पोचलो. एका टेबलावर वेदी मांडली होती: गेलेल्यांचे फोटो, पाण्याचा ग्लास, मीठ, पाव, फळं. आणि झेंडू. टोपल्याच्या टोपल्या झेंडू, दारापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट, आत्म्यांना रस्ता दिसावा म्हणून. नाहुआत्लमध्ये झेंडूला ‘वीस-फूल’ म्हणतात. दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोचा, हे मी वाचून होते. वाचणं वेगळं. त्या वासाने मी थेट कोरेगावच्या बाजारात, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, आईच्या पदराला धरून उभी होते. आई जाऊन सहा वर्षं झाली. भाचीने मोबाइलमधला तिचा फोटो मालकीणबाईंना दाखवला. त्यांनी काही न विचारता समोरच्या दुकानातून तो छापून आणायला लावला आणि वेदीवर त्यांच्या आजोबांच्या शेजारी ठेवला.

गर्दी ओसरल्यावर दोन्यांनी मला तव्यापाशी बोलावलं. पिठाचा गोळा हातात दिला. मी दाबयंत्राकडे गेले नाही. तळहात ओले केले आणि भाकरीसारखी दोन हातांत थापू लागले. त्यांच्या आजीही तशाच थापायच्या, असं त्या म्हणाल्या. पीठ गार, गुळगुळीत, चिकटपणा नसलेलं, बोटांखाली ज्वारीपेक्षा कितीतरी आज्ञाधारक. जराशी जाड झाली. तव्यावर सोडली, उलटली, दोन्यांनी बोट टेकवलं आणि ती एका बाजूने फुगली. त्यांनी ती उचलून त्यावर चिमूटभर जाडं मीठ टाकलं, गुंडाळी केली आणि माझ्या हातात ठेवली. मेक्सिकोत गिरणीवर आईबरोबर गेलेल्या मुलांना अशीच देतात, मिठाचा टाको. दुसरी मी आईसाठी थापली.